खूण, क्रमांक आणि कागद: अमेरिकी राज्य पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हर कशी पारखतात

एकाच कारखान्यात एकाच महिन्यात तयार झालेली दोन रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवली, तर ती जुळ्यासारखी दिसतील. नळी तेवढीच, वजन तेवढेच, पोलादावरची निळसर झाक तीच. त्यांतले एक कुणा शेतकऱ्याने दुकानातून विकत घेतले आणि दुसरे एखाद्या राज्याच्या महामार्ग पोलिसाच्या कमरेला वर्षानुवर्षे राहिले, एवढाच काय तो फरक. संग्राहकाच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसऱ्या रिव्हॉल्व्हरने सरकारी नोकरी केलेली असते. ते कुणाच्या तरी नावावर लिहून दिले गेले, रात्रपाळीला गेले, तपासणीत मोजले गेले आणि शेवटी परत जमा झाले. हा सगळा इतिहास पोलादात दिसत नाही, तो नोंदीत असतो. त्यामुळे या छंदाचे खरे काम शस्त्र जमवणे हे नसून नोंद शोधणे आणि ती टिकवणे हे आहे, असे मी मानतो. ते काम कसे चालते ते पायरीपायरीने पाहू.

राज्य पोलीस आणि त्यांची शस्त्रे

अमेरिकेत शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा आणि राज्याचे पोलीस वेगळे. राज्यभर अधिकार असलेले, गणवेशातले आधुनिक दल पेनसिल्व्हेनियाने १९०५ मध्ये उभारले. १९०२च्या कोळसा खाणींच्या मोठ्या संपात स्थानिक यंत्रणा अपुरी पडली होती, त्याची पार्श्वभूमी या निर्णयामागे होती. न्यूयॉर्कचे दल १९१७ मध्ये आले. त्याचे पहिले प्रमुख जॉर्ज फ्लेचर चँडलर हे पेशाने डॉक्टर होते. शस्त्र कोटाखाली न लपवता कमरेच्या पट्ट्यावर उघड दिसेल असे लावायचे, हा आग्रह त्यांनी धरला. न्यू जर्सीचे दल १९२१ मध्ये नॉर्मन श्वार्झकॉफ यांच्या हाताखाली सुरू झाले. या दलांतल्या शिपायाला सर्रास ‘ट्रूपर’ म्हणतात.

ट्रूपरच्या कमरेला असलेले रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळा दोनपैकी एका कंपनीचे असे. एक कनेक्टिकटमधील हार्टफर्डची कोल्ट, दुसरी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डची स्मिथ अँड वेसन. कोल्टचे ‘न्यू सर्व्हिस’ हे दणकट रिव्हॉल्व्हर न्यूयॉर्कच्या ट्रूपरांनी .४५ कॅलिबरमध्ये वापरले. पुढे कोल्टचे ‘ऑफिशियल पोलीस’ आणि स्मिथ अँड वेसनचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ ही .३८ स्पेशल काडतुसाची रिव्हॉल्व्हर देशभर पसरली.

मोटारगाडीने हे चित्र बदलले. गुन्हेगार गाडीतून पळू लागले आणि .३८ची साधी गोळी गाडीच्या पत्र्यापुढे कमी पडू लागली. स्मिथ अँड वेसनने १९३० मध्ये ‘.३८/४४ हेवी ड्यूटी’ आणले आणि १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम. सुरुवातीची मॅग्नम मागणीनुसार एकेक करून बनत आणि प्रत्येकाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक असे. म्हणून त्यांना ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ म्हणतात. त्यांतले पहिले रिव्हॉल्व्हर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना देण्यात आले. ही सुबक रिव्हॉल्व्हर महाग होती. सामान्य पोलीस दलाला परवडावे म्हणून चकचकीत पॉलिश वगळून, कामापुरत्या मंद झाकेचे मॉडेल १९५४ मध्ये निघाले. त्याचे नावच ‘हायवे पेट्रोलमन’. १९५७ मध्ये कंपनीने मॉडेलांना क्रमांक दिले, तेव्हा ते ‘मॉडेल २८’ झाले. १९८६ पर्यंत ते बनत राहिले.

राज्य दलांच्या मागणीवरून खास रिव्हॉल्व्हरही बनली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्य पोलिसांसाठी जाड नळीचे मॉडेल १० हे .३५७ मॅग्नम काडतुसासाठी तयार केले गेले. ते सुमारे १,२०० नग होते. त्यातून पुढे मॉडेल १३ जन्मले. कॅलिफोर्नियाची कथा याच्या उलट आहे. ५ एप्रिल १९७०च्या रात्री न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत, काही मिनिटांत, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचे चार अधिकारी मारले गेले. त्यानंतर दलाने प्रशिक्षण तपासले, सर्वांसाठी .३८ स्पेशल हे एकच काडतूस ठरवले आणि सहाही काडतुसे एकदम भरणारे स्पीडलोडर दिले. पुढे या दलासाठी स्टेनलेस पोलादाचे, सहा इंची नळीचे ‘मॉडेल ६८’ निघाले. सांगाडा .३५७ मॅग्नमचा, पण सिलिंडर .३८ स्पेशलपुरते. हे रिव्हॉल्व्हर हातात घेणाऱ्याला न्यूहॉल माहीत नसेल, तर मॅग्नमच्या सांगाड्यात कमी ताकदीचे काडतूस का, हा प्रश्न सुटणार नाही.

इलिनॉय राज्य पोलिसांनी १९६७ मध्येच ९ मिलिमीटरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल स्वीकारले होते. १९८० आणि ९०च्या दशकांत बाकीची दलेही पिस्तुलाकडे वळली. कोतातली, म्हणजे दलांच्या शस्त्रागारातली, हजारो रिव्हॉल्व्हर नव्या शस्त्रांच्या बदल्यात वितरकांना दिली गेली आणि तिथून दुकानांत आली. काही निवृत्त होणाऱ्या ट्रूपरांनी विकत घेतली, काही संग्रहालयात गेली, काही वितळवली गेली. आज बाजारात फिरणारा माल प्रामुख्याने या एका पिढीच्या निरोपातून आलेला आहे.

आधी जात ओळखा

पोलिसांशी नाते सांगणारी रिव्हॉल्व्हर तीन प्रकारची असतात आणि नवा संग्राहक इथेच गोंधळतो.

पहिला प्रकार दलाने खरेदी करून शिपायाला दिलेल्या शस्त्राचा. मालकी राज्याची, नोंद दलाच्या वहीत.

दुसरा प्रकार अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या शस्त्राचा. अनेक दलांत अशी मुभा होती. यावर दलाचा ठसा नसतो. कधी मालकाचे नाव किंवा बिल्ला क्रमांक कोरलेला असतो. इतिहास खरा असू शकतो, पण त्याचा पुरावा कुटुंबाकडच्या कागदांतच मिळतो.

तिसरा प्रकार स्मृतिचिन्हांचा. टेक्सास रेंजर्सच्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९७३ मध्ये स्मिथ अँड वेसनने मॉडेल १९ची खास आवृत्ती सुरीसह पेटीत घालून विकली. दलाचे चिन्ह तिच्यावर ठळक आहे, पण ती कुणाच्या कर्तव्यासाठी बनलेली नव्हती. अशा वस्तू सुंदर असतात आणि त्यांचा वेगळा संग्रह करता येतो. पोलिसाने वापरलेले शस्त्र म्हणून मात्र त्यांची किंमत मोजू नये.

पहिली साक्ष: खूण

हाताळण्यापूर्वी एक नियम, ज्याला अपवाद नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, सिलिंडर बाहेर काढा आणि सहाही खोबणी डोळ्यांनी रिकामी असल्याची खात्री करा. कोल्टची खिट्टी मागे ओढावी लागते, स्मिथ अँड वेसनची पुढे ढकलावी लागते.

आता ठसा शोधा. तो मुठीच्या मागच्या पट्टीवर, मुठीच्या तळाशी किंवा सांगाड्याच्या बाजूला असतो. दलाची आद्याक्षरे आणि कोतातला क्रमांक अशी त्याची साधारण रचना असते. आद्याक्षरांवर एकदम भरवसा टाकू नये. ‘आयएसपी’ म्हणजे इंडियाना, इलिनॉय, आयडाहो की आयोवा? ‘एमएसपी’ म्हणजे मिशिगन, मेन, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स की मिनेसोटा? शिवाय इंग्रजीत राज्याच्या तुरुंगाची आद्याक्षरेही अशीच होतात आणि तुरुंगांकडेही रिव्हॉल्व्हर होती. म्हणून आद्याक्षरांतून फक्त शक्यतांची यादी मिळते.

मग ठशाचे अक्षर भिंगाखाली पाहा. कारखान्यात झाक चढवण्याआधी ठसा मारला असेल, तर अक्षराच्या आतही तीच निळी झाक दिसते. झाकेनंतर मारला असेल, तर अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो आणि आतला पृष्ठभाग वेगळा दिसतो. एवढ्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही, कारण अनेक दलांचे शस्त्रकारागीर स्वतःच हाताने ठसे मारत आणि अक्षरे वाकडीतिकडी येत. बघायचे ते असे: ठशावरची झीज आणि आजूबाजूची झीज सारखी आहे का? मुठीची मागची पट्टी तळहाताने घासून गुळगुळीत झाली आहे आणि अक्षरांच्या कडा मात्र कालच कापल्यासारख्या धारदार आहेत, तर ठसा नंतरचा आहे. दलाच्या ठशामुळे किंमत वाढते, म्हणून खोटे ठसेही मारले जातात.

दुसरी साक्ष: क्रमांक

सिलिंडर बाहेर काढल्यावर त्याच्या बिजागरीच्या खाचेत ‘मॉड. २८-२’ असे काही दिसते. नवखे लोक यालाच अनुक्रमांक समजतात. तो मॉडेल क्रमांक आहे. पुढचा आकडा रचनेतला बदल सांगतो. मॉडेल २८मध्ये ‘-२’ म्हणजे १९६१ पासूनची रचना. ‘-३’ म्हणजे १९८२ नंतरची, जेव्हा नळीला आडवी पिन बसवणे आणि काडतुसाच्या कडेसाठी सिलिंडरात खोलगट खाच ठेवणे बंद झाले. बिजागरीतच आणखी एक छोटा आकडा असतो, तो कारखान्यातल्या जोडणीचा. त्याचा आपल्याला उपयोग नाही.

स्मिथ अँड वेसनचा खरा अनुक्रमांक मुठीच्या तळाशी असतो. रुंद लाकडी मूठ बसवली असेल तर तो तिच्याखाली झाकला जातो, मूठ काढून पाहावे लागते. महायुद्धापूर्वीच्या नगांवर तोच आकडा सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूलाही असतो, उजव्या मुठीच्या आतही मिळतो. हे सगळे आकडे जुळले, तर सुटे भाग मूळचे आहेत. नळीवरचा आकडा वेगळा असेल, तर नळी कधीतरी बदलली आहे. पोलिसी शस्त्रात हे नवल नाही, कारण दलाचा कारागीर तुटलेले बदलून शस्त्र पुन्हा कामाला लावत असे. फक्त ते विक्रेत्याने सांगायला हवे आणि किमतीत दिसायला हवे.

आकड्याआधीचे अक्षर काळाचा अंदाज देते. ‘व्ही’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ‘व्हिक्टरी’ मॉडेल. ‘सी’ म्हणजे १९४८ पासूनची स्थिर माश्यांची मध्यम आकाराची रिव्हॉल्व्हर. आकड्याजवळ चांदणी असेल, तर शस्त्र दुरुस्तीसाठी पुन्हा कारखान्यात गेले होते. त्या भेटीची तारीख बऱ्याचदा मुठीखाली सापडते.

एक सापळा इथे लक्षात ठेवावा. स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर अनुक्रमांकाच्या क्रमाने पाठवत नसे. तयार माल तिजोरीत जाई आणि हाताला येईल तसा बाहेर पडे. म्हणून ‘अमुक क्रमांकाचे नग या राज्याला गेले, माझा क्रमांक त्याच्या जवळचा आहे, म्हणजे हाही तिथलाच’ हा तर्क टिकत नाही. आणि क्रमांक खरवडलेले शस्त्र कितीही दुर्मीळ वाटले तरी हात लावू नका. क्रमांक पुसलेले शस्त्र बाळगणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी साक्ष: कागद

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहून कुणी थांबत नाही, मागचे फेरफार काढून मालकी हातोहात कशी आली ते पाहतो. रिव्हॉल्व्हरचेही तसेच करायचे.

पहिला फेरफार कारखान्याचा. कोल्टचा अभिलेख विभाग आणि स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन शुल्क घेऊन अनुक्रमांकाची नोंद शोधून पत्र देतात. पत्रात शस्त्र कोणत्या तारखेला, कोणत्या रूपात आणि कुणाकडे पाठवले ते असते. बहुतेकांची निराशा याच ठिकाणी होते, कारण ‘कुणाकडे’ या जागी राज्य पोलिसांचे नाव न येता पोलीस साहित्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचे नाव येते. दले अनेकदा व्यापाऱ्यांमार्फत खरेदी करत. हे पत्र नकारही देत नाही आणि होकारही देत नाही, ते पुढच्या कागदाकडे बोट दाखवते.

दुसरा फेरफार दलाचा. खरेदीचे आदेश, कोताच्या वह्या, शस्त्रवाटपाची पत्रके, निवृत्तीच्या वेळी शस्त्र विकल्याचे पत्र. यांतले काही राज्याच्या अभिलेखागारात असते, काही दलाच्या संग्रहालयात. टेक्सासमधील वेको, पेनसिल्व्हेनियातील हर्शी, न्यू जर्सीतील वेस्ट ट्रेंटन आणि कॅलिफोर्नियातील वेस्ट सॅक्रामेंटो येथे अशी संग्रहालये आहेत. कोतातला क्रमांक आणि अनुक्रमांक एकाच ओळीत लिहिलेली वहीची एक छायाप्रत मिळाली, तर ठसा, क्रमांक आणि कागद या तिन्ही साक्षी जुळल्या.

तिसरा पुरावा कुटुंबाचा: होल्स्टर, कमरपट्टा, बिल्ला, गणवेशातले छायाचित्र, नेमणुकीचे पत्र. तोंडी हकीकत ऐकून घ्यावी, लिहूनही ठेवावी, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि नोंदीतून एखाद्या ट्रूपरचे नाव सापडले, तर ते जाहीर करण्यापूर्वी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे. त्या शस्त्राशी जोडलेला प्रसंग त्यांच्यासाठी दुःखाचा असू शकतो.

वाचनासाठी रॉय जिंक्स यांचा स्मिथ अँड वेसनचा इतिहास आणि जिम सुपिका व रिचर्ड नाहास यांची ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ स्मिथ अँड वेसन’ ही सूची, ही दोन पुस्तके हाताशी असावीत.

झीज वाचायला शिका

पोलिसी रिव्हॉल्व्हरची झीज विशिष्ट असते. नळीचे टोक, सिलिंडरच्या कडा आणि मुठीची मागची पट्टी इथली झाक उडालेली असते, कारण शस्त्र रोज चामड्यात जाई आणि बाहेर येई. आतला भाग मात्र पुष्कळदा नव्यासारखा असतो, कारण गोळीबार सरावापुरता होई. बाहेरून जुने आणि आतून कोरे, हे दिवसरात्र कमरेला राहिलेल्या शस्त्राचे लक्षण आहे.

पुन्हा झाक चढवलेले शस्त्र ओळखायला कोरीव अक्षरांकडे पाहा. पॉलिशच्या चाकाने अक्षरे पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. स्मिथ अँड वेसनच्या निळ्या रिव्हॉल्व्हरवर चाप आणि हॅमर यांना रंगीबेरंगी तवंगासारखी वेगळी झाक असते. तेही सपाट निळे दिसले, तर शस्त्र नंतर रंगवलेले असण्याची शक्यता मोठी.

यांत्रिक तपासणी मालकाच्या परवानगीने आणि रिकाम्या शस्त्रावरच करावी. हॅमर सावकाश मागे घेताना तो अडकण्याआधी सिलिंडर जागेवर कुलूपबंद होते का, हे सहाही खोबणींसाठी पाहा. सिलिंडर पुढेमागे हलते का ते बघा. मॉडेल १९ आणि ६६ या मध्यम सांगाड्याच्या मॅग्नममध्ये नळीचे मागचे तोंड खालच्या बाजूला सपाट कापलेले आणि त्यामुळे पातळ असते. हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांच्या सततच्या माऱ्याने तिथे तडा जातो. भिंग आणि विजेरी घेऊन ही जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कायद्याची चौकट

अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते. राज्य पोलिसांची रिव्हॉल्व्हर जवळपास सगळी त्यानंतरची. पण ५० वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ रूपात असलेले शस्त्र संघराज्याच्या नियमांत ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात येते. १९६०चे मॉडेल २८ त्यात बसते, १९८४चे अजून बसत नाही. या वर्गासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो. त्याचे शुल्क तीन वर्षांसाठी ३० डॉलर आहे आणि प्रत्येक खरेदी-विक्री बांधीव वहीत लिहिणे बंधनकारक आहे. हा परवाना नसेल, तर दुसऱ्या राज्यातून घेतलेले रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच घ्यावे लागते. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक रिव्हॉल्व्हर स्वतःच्या परवान्यावर नोंदवावे लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला संघराज्याचा कायदा, काही मोजके अपवाद सोडता, शस्त्र बाळगू देत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. व्हिसावर असेपर्यंत संग्रहालये, सूची आणि अभिलेख यांचा अभ्यास करावा, तो कुठेच अडत नाही.

भारतात हा छंद अशा रीतीने करताच येत नाही. १९५९चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगू देत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. अमेरिकेत घेतलेले रिव्हॉल्व्हर सामानातून घरी आणण्याचा विचार कुणी करू नये. या विषयाचा एक धागा मात्र आपल्याकडे येतो. अमेरिकेच्या रूगर कंपनीने भारतातील पोलिसांसाठी .३८० रिम्ड काडतुसाची रिव्हॉल्व्हर बनवली होती आणि अमेरिकी संग्राहक आज तीही शोधतात.

जपणूक आणि पुढची नोंद

घरी आणलेले रिव्हॉल्व्हर पॉलिश करू नका. उडालेली झाक हा त्याच्या नोकरीचा पुरावा आहे, ती परत चढवली की पुरावा जातो. मऊ फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्या. मूळ होल्स्टर मिळाले असेल तर जपा, पण रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेल्या रसायनांनी पोलादाला गंज चढतो. दोन्ही वस्तू वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा. शस्त्र कुलपात, काडतुसे दुसरीकडे.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते. प्रत्येक नगासाठी एक पान करा. मॉडेल, अनुक्रमांक, ठशाचा मजकूर आणि त्याची जागा, छायाचित्रे, कुणाकडून आणि कधी घेतले, कारखान्याचे पत्र, दलाच्या नोंदीची प्रत. काय सिद्ध झाले आणि काय फक्त सांगितले गेले, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. या पानाची एक प्रत शस्त्राबरोबर ठेवा आणि दुसरी त्या दलाच्या संग्रहालयाला देऊ करा. हे शस्त्र जनतेच्या पैशाने घेतले गेले होते आणि जनतेच्या नोकराने वागवले होते. आपण पैसे मोजून त्याचे मालक झालो, तरी त्याची हकीकत खाजगी मालमत्ता होत नाही. रिव्हॉल्व्हर उद्या दुसऱ्याकडे जाईल, त्याच्याबरोबर हे पानही गेले पाहिजे.